मावशीची कर्ली

आमची मावशी साडी पोटरीपर्यंत वर धरून भूगोल शिकवायची. फुगलेल्या निळ्या शिरांवरून बोट फिरवत सांगायची, "ही गडनदी, ही आपल्या गावची कर्ली, आणि घोट्याकडे भरती." मुलुंडच्या औषधांच्या कारखान्यात दिवसभर उभ्यानं बाटल्यांना लेबलं लावून ऐंशीच्या दशकात तिच्या पायांवर अख्खं मालवण उमटलं होतं.

मावशी कुणाला भ्यायची नाही. सुपरवायझरने खुर्ची नाकारली तेव्हा तिने थेट त्याच्या आईवरून विचारलं, "तुझ्या आवशीक अशी उभी करशीत?" मिळालेली खुर्ची मग शेजारच्या गरोदर बाईला देऊन टाकली.

पण एकदा घोट्याजवळची शीर फुटली आणि रक्त थांबेना. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनं देऊन शिरा बंद करू. मावशी पांढरीफटक पडली. भीती सुईची नव्हती.

"बंद केल्यार रगात जातलां खंय?"

"आत दुसऱ्या शिरा असतात, बाई."

"तुम्ही बघितल्यात?"

डॉक्टरांनी सुई भरायला घेतली.

धीर द्यायला मला नेलं होतं. वय बावीस, मिशी नवी. मावशीने माझा हात घट्ट धरला. सुई आत गेली, एवढंच मला आठवतं. डोळे उघडले तेव्हा टेबलावर मी होतो आणि पायाला आवळून पट्टी बांधलेली मावशी मला वारा घालत होती. डॉक्टर ओरडत होते, "बाई, तुम्ही आत्ता अर्धा तास चालायचंय!"

मग ती चालली, मला दंडाला धरून. ओळखीचे लोक विचारपूस करायचे ती माझी. "भियालो मेलो," मावशी माझ्याकडे बोट दाखवून सांगायची. ते पुढे गेले की हळूच मला म्हणायची, "रगात खंय पोचलां असात रे?"

चार खेपांत बाकीच्या शिरा मिटल्या. कर्लीची पाळी आली तेव्हा मात्र मावशीने पाय आखडून घेतला. "ही बंद केलास तर मी गावाक जातलंय खंयसून?" डॉक्टरांनी हात टेकले.

गावी कायमचं जायचं राहूनच गेलं. शेवटच्या आजारात मी तिला पलंगावर पाय खाली सोडून बसवायचो. आता फार दिवस नाहीत, हे मला सांगितलेलं होतं. तिला आम्ही सांगितलं नव्हतं. तिच्याशी बोलताना मी नजर चुकवायचो.

एकदा म्हणाली, "बघ रे झिला, कर्ली आसा मां?"

मी वाकून बोट ठेवलं. निळी, फुगलेली, कोमट.

"आहे गं."

"मगे भितंस कित्याक?" म्हणाली, आणि त्या सुईच्या वेळी धरला होता तसा माझा हात घट्ट धरला.