तिनं कप विसळला आणि यांना रडू आलं

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. दिवसभर कुणाच्या तरी इमारतीत मोटारीला कान लावून उभे. घरात मात्र तोंडातून शब्द फुटेल तर शपथ. मीठ कमी पडलं तर उठून स्वतः डबा आणतील, पण सांगणार नाहीत. लोक म्हणतात, किती शांत माणूस! मी म्हणते, न्या की मग चार दिवस तुमच्या घरी.

आणि हाच माणूस दर शनिवारी संध्याकाळी वाचनालयाच्या हॉलमध्ये घडाघडा बोलतो, हे मला शेजारच्या शिक्षिकेकडून कळलं. तिथे छोटे सिनेमे दाखवतात. चार मित्रांनी पदरमोड करून काढलेले, एकाच खोलीत सुरू होऊन तिथेच संपणारे. नाच नाही, मारामारी नाही. "तुमचे मिस्टर काय सुंदर मत देतात हो!" ती म्हणाली. म्हणजे घरात मुका आणि बाहेर वक्ता! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

चहा देताना मुद्दाम विचारलं, "असतं काय हो त्या सिनेमांत?"

यांचा चेहरा उजळला. "मागच्या वेळी एक बाई होती. तिनं नुसता कप विसळला. बोलली काहीच नाही, पण त्यात सगळं आलं. रडू आलं गं मला."

रडू! लग्न झाल्यापासून मी यांचे कप विसळतेय. कधी टिपूस आलं नाही डोळ्यांत.

"दिसायला कशी आहे?"

"साधीच. पण पाठमोरी उभी राहिली तरी तिच्या मनातलं कळतं."

मेली! तिची पाठ वाचता येते, आणि मी समोर तोंड करून उभी असते तेव्हा हे पेपर वाचतात. त्या दिवशी मी भांडी अशी आपटली, की खालच्या मजल्यावरून विचारणा आली.

पुढच्या शनिवारी त्याच बाईचा नवा सिनेमा होता आणि दिग्दर्शिकाही येणार होती. हे नवा शर्ट घालून निघाले. मी ठेवणीतले कपडे काढले आणि मागोमाग गेले. बघूच दे एकदा, कोण लागून गेलीय ती! यांना न दिसेल अशी शेवटच्या रांगेत बसले. हे पहिल्या रांगेत, हक्काची जागा असल्यासारखे.

सिनेमात ती बाई नवऱ्याची वाट बघत होती. बस, एवढंच. टेबलावर ताट झाकलेलं आणि ही दाराकडे डोळे लावून बसलेली. आवाज मधेच जात होता, चित्र अंधारं होतं. पण खोटं कशाला बोलू, बाई चांगली होती. त्याचाच तर राग आला.

दिवे लागले. तिथली रीत अशी, की माइक पहिल्या रांगेपासून शेवटपर्यंत फिरतो आणि प्रत्येकानं काहीतरी बोलायचंच, निदान "बरा वाटला" इतकं तरी. पहिला मान यांचा.

"बाई खोटी वाटली," हे म्हणाले. "जिचा नवरा रोज उशिरा येतो, ती दाराकडे बघत बसत नाही. लिफ्ट थांबल्याचा आवाज आला की उठते, गॅस लावते. आपण आत शिरतो तेव्हा तिची पाठ असते. चिडलेली असते, पण आपण पहिला घास घेईपर्यंत स्वतः खात नाही. तुमची बाई फार सुंदर वाट बघते."

टाळ्या पडल्या. ऐकून बरं वाटलं, आणि त्याहून जास्त जळफळाट झाला. हे माझं होतं. माझ्या हक्काचं बोलणं या परक्या लोकांना वाटून टाकलं होतं यांनी.

"काका, काकूंना घेऊन या ना एकदा," दिग्दर्शिका म्हणाली.

"ती कुठली यायला!" हे हसले. "तिला नाही कळायचं असलं काही."

सगळे हसले. माइक एकेक रांग करत मागे आला आणि माझ्या हातात पडला. पळून जावंसं वाटलं. पण रीत म्हणजे रीत.

"बाई खोटी नाही," मी म्हटलं. माझा आवाज ओळखून हे गर्रकन वळले. "आपल्याकडे कुणीतरी बघतंय, हे तिला ठाऊक आहे. म्हणून सुंदर वाट बघते ती. माझ्याकडेही कुणी बघतं, हे मला आज कळलं, तेही शेवटच्या रांगेत बसून."