शाळा सोडण्याचे कारण

खोलीत शिरल्यावर आमच्या हजेरीबाई समोर बसलेल्या माणसांकडे आधी बघत नसत. त्यांची नजर रिकाम्या खुर्च्यांवर जाई. विभागातला सेमिनार असो की कुणाकडचे हळदीकुंकू, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "आज कोण नाही आलं?" जे वेळेवर येऊन बसलेले असत, त्यांना हा प्रश्न जरा अपमानाचाच वाटे. आम्हा संशोधक विद्यार्थ्यांपैकी कुणीतरी त्यांना हजेरीबाई हे नाव ठेवले. ते कानावर गेले तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "गैरहजेरीबाई म्हणा. आलेली पोरं स्वतःच ओरडून सांगतात, आम्ही आलोय म्हणून. न आलेल्यांचं कुणी सांगत नाही."

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत त्या शिकवत. शाळा सकाळची. ती सुटली की डबा खाऊन त्या सयाजीगंजात विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागात येत आणि संध्याकाळपर्यंत टेबलाला चिकटून बसत. यजमान रिफायनरीत, मुलगा पुण्याला इंजिनियरिंगला. पंचेचाळिशी उलटल्यावर त्यांनी पीएच.डी.साठी नाव नोंदवले, ते एकच गोष्ट शोधायला. त्यांच्या शाळेतली मुले का जातात? नव्वदचे दशक निम्मे सरले होते. रोज सकाळी नव्या इंग्रजी शाळांच्या पिवळ्या बसगाड्या दांडिया बाजारच्या गर्दीत अडकून उभ्या राहत आणि आतली टायवाली मुले खिडकीतून मराठी शाळेतल्या मुलांकडे बघत. सगळे म्हणत, कारण तर उघड आहे, त्यात संशोधन कसले? बाई म्हणत, "उघड आहे ना, मग एकदा विचारून तर बघू."

मी इतिहासाची. संस्थानी काळातल्या शाळा-तपासनिसांच्या अहवालांवर माझे काम चालले होते, म्हणून बसणे याच विभागात. प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेली, वडील वर्कशॉपमध्ये फिटर, शिक्षण सगळे गुजरातीतून. माझी मराठी घरात बोलण्यापुरती. जुन्या अहवालांतले वाक्य अडले की मी बाईंच्या टेबलाशी जाई. त्या अर्थ सांगत आणि जाता जाता मलाही दुरुस्त करीत. एकदा निघताना मी सवयीने म्हटले, "बाई, मी हवे जाते." गुजरातीत हवे म्हणजे आता. त्यांनी चष्मा वर सरकवला. "हवे म्हणजे पाहिजे. काय पाहिजे तुला, ते सांग आणि मग जा." असे रोज चाले. मला चार वाक्ये लिहिण्याजोगी मराठी आली ती त्यांच्यामुळे. आज त्यांच्याविषयी लिहिते आहे तीही त्यांचीच.

शाळा सोडून गेलेल्या प्रत्येक मुलाच्या नावाची त्यांनी एक वही केली होती. आठवड्यातून एक-दोनदा उन्हे उतरली की दोन-तीन वह्या पिशवीत टाकून त्या त्या मुलांच्या घरी जात. घरात गेल्यावर "शाळा का सोडली?" असे त्यांनी कधीच विचारले नाही. "आता जातो तिथे रमतो का?" असे विचारून त्या गप्प बसत. गप्प बसणे त्यांना फार चांगले जमे. मग आया आपणहून बोलायला लागत आणि बाई ते शब्दन् शब्द उतरवून घेत, गुजराती आले तर गुजराती, हिंदी आले तर हिंदी.

एकदा त्या प्रतापनगरला येणार होत्या म्हणून मीही बरोबर गेले. आमच्याच ओळीतल्या एका गँगमनची बायको. मुलीला दुसरीतून काढून तिने जवळच्या गुजराती शाळेत घातले होते. मला वाटले, आता ही मराठीचा उपयोग काय म्हणून सुरू होणार. तिने भाषेचे नावही काढले नाही. शाळेत वर्षभर दोन इयत्तांना मिळून एकच शिक्षिका होती, ती म्हणाली. आणि मुलींच्या संडासाच्या दाराला आतून कडी नव्हती. पोर सकाळपासून दुपारपर्यंत धरून ठेवायची. दोनदा आजारी पडली. डॉक्टरांनी कारण विचारले तेव्हा लाजून सांगेना. बाई मान खाली घालून लिहीत राहिल्या. जिना उतरून त्यांनी वही पिशवीत टाकली. मग म्हणाल्या, "ही भाषेची गोष्टच नाही गं. कडीची आहे."

त्या कडीसाठी त्यांनी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या कार्यवाहांना तीन अर्ज दिले होते. विषय पुढच्या बैठकीत ठेवतो, असे दर वेळी उत्तर येई. तोवर मधल्या सुट्टीत बाई स्वतः त्या दाराबाहेर पाठ करून उभ्या राहत. ती मुलगी सोडून गेली त्या आठवड्यात त्या तापाने घरी होत्या. हे त्यांनी मला त्याच दिवशी बसस्टॉपवर सांगितले, दुसऱ्या कुणाची चूक सांगावी तसे.

त्यांच्या मार्गदर्शकांना या वह्यांचे काय करावे ते कळेना. ते भले गृहस्थ होते, पण तक्ता दिसला नाही की अस्वस्थ होत. पहिले प्रकरण वाचून त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "बेन, आ वार्ता छे, रिसर्च नथी." ही गोष्ट झाली, संशोधन नाही. बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी तक्ते केले, टक्केवाऱ्या काढल्या, आणि आयांचे बोलणे सगळेच्या सगळे मागे परिशिष्टात घातले. प्रबंध गुजरातीत लिहावा लागला. मराठी शाळेवरचा प्रबंध त्या विभागात मराठीत द्यायची सोय नव्हती. यावर त्या एकदाच हसल्या. प्रबंधाचा निष्कर्ष मात्र त्यांचा होता. यांतली बहुतेक मुले किरकोळ, दुरुस्त होण्यासारख्या गैरसोयींमुळे गेली आहेत आणि त्या दूर केल्या तर निम्मी परत येतील, असे त्यांनी स्वच्छ लिहिले होते.

पदवी मिळाली तेव्हा संस्थेने शाळेच्या पटांगणात त्यांचा सत्कार केला. शाल, नारळ, भाषणे. प्राथमिक शाळेतली शिक्षिका डॉक्टर झाली याचे सगळ्यांनाच अप्रूप होते. कार्यवाह फार चांगले बोलले. नंतर त्यांनी बाईंना बाजूला घेऊन सांगितले की प्रबंध एवढा मोठा, तो कोण वाचणार. काही विश्वस्त आता परदेशात असतात, त्यांच्यासाठी इंग्रजीत दोन पानांचा गोषवारा मिळाला तर बैठकीत ठेवता येईल. बाईंचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत संस्थेने त्यांच्याकडे पहिल्यांदाच काही मागितले होते. आता कडी लागेल, शिक्षिका नेमली जाईल, असे त्यांना वाटले. मलाही वाटले. त्या मला म्हणाल्या, "माझं इंग्रजी कच्चं. तू लिही. तुला तर सगळं ठाऊकच आहे."

मी लिहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी एका कॉलेजात लेक्चररच्या जागेसाठी माझी मुलाखत होती आणि माझे अर्धे लक्ष तिकडे होते. मुले किती वेगाने कमी झाली, कोणत्या शाळांत गेली, कोणत्या वस्तीतून जास्त गेली, हे तक्त्यांवरून भराभर लिहून झाले. तेवढ्यात दोन पाने भरली. शेवटच्या ओळीत मी एक गोल वाक्य घातले, की याला अनेक सामाजिक व शैक्षणिक कारणे असून त्यांचा सविस्तर विचार मूळ प्रबंधात केला आहे. इंग्रजीत ते वाक्य फार सुरेख दिसत होते. बाईंनी पाने हातात घेतली, वरून खाली नजर फिरवली आणि माझ्यावर विसंबून सही केली.

मला नोकरी लागली. आणि तीन-चार महिन्यांनी शाळेत पालकांची सभा बोलावली गेली. मी मागच्या बाकावर बसले होते. कार्यवाहांनी सांगितले की शाळा या वर्षाअखेर बंद होत आहे आणि याच इमारतीत संस्था इंग्रजी माध्यमाची शाळा काढत आहे. पालकांत कुजबुज सुरू झाली. तेव्हा त्यांनी खिशातून दोन पाने काढली आणि म्हणाले की हे संस्थेचे मत नाही, आपल्याच बाईंचे संशोधन आहे, शिक्षणखात्याला अर्जासोबत हेच जोडले आहे. माझी इंग्रजी वाक्ये ते एकेक करून वाचत होते आणि त्यांचा मराठी अर्थ सांगत होते. मुले जात आहेत. दर वर्षी जास्त जात आहेत. सगळ्या वस्त्यांतून जात आहेत.

बाई उभ्या राहिल्या. हे अर्धेच आहे, त्या म्हणाल्या, मुले का गेली तेही वाचा, परिशिष्ट वाचा. कार्यवाहांनी आवाज चढवला नाही. त्यांनी दुसरे पान उलटून बाईंसमोर धरले.

"बाई, सही तुमचीच आहे ना?"

"माझीच आहे," बाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

सभा संपल्यावर आम्ही दोघी रस्त्यापर्यंत चालत आलो. त्यांनी मला बोल लावला नाही. फक्त कोपऱ्यावर थांबून, खरेच जाणून घ्यायचे असावे तशा स्वरात विचारले, "कडीचं का नाही घातलंस?"

मी म्हटले, "जागा नव्हती, बाई. दोनच पानं मागितली होती."

त्यांनी मान हलवली. विद्यार्थ्याने चुकीचे पण प्रामाणिक उत्तर दिले की त्या अशीच मान हलवीत. मला त्या वेळी सुटल्यासारखे वाटले, हेही लिहिले पाहिजे.

वर्ष संपताना सगळ्या मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले भरायचे काम बाईंकडे आले. दाखल्यात शाळा सोडण्याचे कारण असा एक रकाना असतो. पालकांच्या इच्छेनुसार असे लिहावे, अशी कचेरीतून तोंडी सूचना आली. बाईंनी प्रत्येक दाखल्यावर आपल्या वळणदार अक्षरात लिहिले, 'शाळा बंद केल्यामुळे'. बंद झाल्यामुळे असेही नाही. कार्यवाहांच्या लक्षात येईपर्यंत तीन-चार मुले दाखले घेऊन गेली होती. बाकीचे त्यांनी रद्द करून नवे कोरे दाखले पाठवले. बाईंनी ते पुन्हा तसेच भरले. असे दोनदा झाले. मग पालकच बाईंकडे येऊ लागले. दुसरीकडचे प्रवेश अडलेत, बाई, लिहा की ते म्हणतात ते, आम्हाला काय फरक पडतो? एका आईने त्यांच्या टेबलावर हात जोडले. बाईंनी पेन खाली ठेवले आणि उरलेले कोरे दाखले कचेरीत नेऊन दिले. तिथल्या कारकुनाने एका दुपारीत सगळे भरून टाकले. आजही संस्थेच्या नोंदीप्रमाणे ती शाळा पालकांच्या इच्छेने रिकामी झाली आहे.

बाईंना संस्थेच्या दुसऱ्या शाळेच्या कचेरीत बसवले. शिकवायला वर्ग नव्हता, म्हणून आवक-जावक टपालाचे काम. डॉक्टरेट झालेली बाई पाकिटांवर पत्ते लिहीत होती. निवृत्तीला उरलेली वर्षे त्यांनी तशीच काढली. मी सुरुवातीला भेटायला जात असे. मग कॉलेज, लग्न, माझा स्वतःचा प्रबंध. माझ्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मी त्यांचे नाव घातले, पहिल्या ओळीत. तिथे जागा भरपूर होती.

आता माझ्याकडे मुले संशोधनाला येतात. गोषवारा किती शब्दांत हवा, हे सगळ्यांत आधी विचारतात. मी आकडा सांगते. तो सांगावाच लागतो. संध्याकाळी त्यांची पाने तपासायला घेतली की मी शेवटची ओळ आधी वाचते. तिथे अनेक सामाजिक व शैक्षणिक कारणे दिसली की पान परत करते. मुलांना वाटते, बाई विक्षिप्त आहेत.

यजमान निवृत्त झाल्यावर बाई बडोदे सोडून मुलाकडे पुण्याला निघाल्या. हे मला दुसऱ्याच कुणाकडून कळले. निघायच्या आदल्या दिवशी मी गेले. घरात खोकी बांधून ठेवलेली होती, भिंतींवर कॅलेंडरांच्या जागी पांढरे चौकोन उरले होते. बाईंनी दार उघडले आणि म्हणाल्या, "या. बसा." मला वाटले, थट्टा करताहेत. पण पाणी देताना त्या म्हणाल्या, "तुम्ही कशाला एवढ्या उन्हात तसदी घेतलीत, मॅडम?" आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. कॉलेजातल्या प्राध्यापिकेशी कचेरीतली बाई जशी बोलेल तशा त्या बोलत होत्या. मुलांची चौकशी केली. मुलगी कोणत्या शाळेत आहे, असे विचारले. मी इंग्रजी शाळेचे नाव सांगितले. "रमते का?" त्यांनी विचारले आणि गप्प बसल्या. मीही गप्प बसले.

निघताना मी नमस्काराला वाकले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "सुखी राहा." जिना उतरता उतरता मी त्या दोन शब्दांना उलटेसुलटे करून पाहिले. मराठीत 'तू'ला राहा आणि 'तुम्ही'लाही राहा. हे मला त्यांनीच शिकवले होते. दोन वर्षांनी बाई पुण्यात वारल्याचे कळले, तोवर त्यातले कोणते, ते विचारायचे राहून गेले होते.