खांद्यावरच्या दोन पट्ट्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. माझ्या भागीदाराने मला कसं फसवलं, ते मात्र अख्ख्या नौपाड्याने माझ्या तोंडून शंभरदा ऐकलंय — दुकानातल्या दोन दुर्मिळ पट्ट्या त्याने परस्पर विकल्या आणि वर मलाच खोटं पाडलं. आजही आठवलं की डोकं फिरतं. पण त्या पट्ट्या माझ्याकडे आल्या कुठून? कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

जुन्या वस्तूंचा धंदा मी फुटपाथपासून उभा केला. एक दिवस आंबिवलीच्या एक काकू चादरीत बांधलेला कोट घेऊन आल्या. त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात विलायतेत वैमानिक होते. तिथे गणवेश सगळ्यांचा सारखाच — कोण कुठल्या देशाचा, ते खांद्यावरच्या पट्टीवरून कळायचं.

"बाबा सांगायचे, खांद्यावर इंडिया लिहिलेलं असायचं. वाचनालयाच्या प्रदर्शनात ठेवायचाय, जरा साफ करून द्या."

कोट त्यांनी कधी उलगडलाच नव्हता. वडील कुणाला हात लावू देत नसत. ते गेल्यावर काकूंचा धीर झाला नाही.

मी उलगडला. दोन्ही खांद्यांवर पट्ट्या होत्या. विकत मागितल्या असत्या तर? त्या नाही म्हणाल्या असत्या — म्हणून मागितल्याच नाहीत. ब्लेडने एकेक टाका उसवला. पट्टीखालचं कापड गडद राहिलं होतं. मग काकूंना तारखा देत राहिलो आणि महिनाभर कोट गच्चीवर उन्हात टाकला, तो डाग बाकीच्या रंगात मिसळेपर्यंत.

काकू आल्या. खांदे बोटांनी चाचपले. पुन्हा चाचपले.

"यावर कधी काही नव्हतंच, काकू," मी म्हणालो. एवढ्यावर थांबता आलं असतं ना? पण मी — मी पुढे बोललो. "तुमचे बाबा इथेच कुठेतरी लष्कराच्या स्टोअरमध्ये कामाला असतील. जुनी माणसं सांगतात हो काहीबाही."

त्या स्टुलावर बसल्या.

"म्हणजे जन्मभर आम्हाला थापाच मारल्या?"

मी कोटाची घडी घालू लागलो.

मग त्यांनी तिथूनच वाचनालयात फोन लावला. "यादीतून आमच्या बाबांचं नाव काढा," म्हणाल्या. "नाही, नाही, तुमचं काही चुकलं नाही. आम्हीच चुकीचं सांगितलं."

मी समोर उभा होतो. सगळं ऐकत होतो.