सबनीस काकांचे पोह्यांवरचे ट्रेड

आधी माफी मागून टाकतो. माझी मराठी शाळा सातवीपर्यंत साताऱ्याला झाली, पुढची इंग्रजी शाळा इथे मेडनहेडला, आणि दोन्ही अर्धवट सुटल्या. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, शब्दही साधेच येतील. सांभाळून घ्या.

पण किस्से फार साठलेत. मी टायरच्या गॅरेजमध्ये कामाला आहे. तिथे जुने टायर कोणी मुद्दाम जमवत नाही. एक कोपऱ्यात ठेवला की त्यावर दुसरा येतो, आणि एक दिवस मागचं दार उघडेनासं होतं! आमच्या टीमच्या किश्श्यांचं तसंच झालंय. म्हणून टीममधली सायली म्हणाली, "मंडळाच्या अंकात लिहून टाक ना, मी टाइप करते." मी म्हटलं, तू नको, मीच करतो.

तर आमची बेसबॉलची टीम आहे. हो, बेसबॉल! इंग्लंडमध्ये राहणारी मराठी माणसं बेसबॉल खेळतात हे ऐकून इंग्रज हसतात आणि मराठी माणसं त्याहून जास्त हसतात. याला जबाबदार एकच माणूस, सबनीस काका. त्यांना कंपनीने काही वर्षं अमेरिकेला पाठवलं होतं. बाकीचे लोक तिकडून घड्याळं आणि चॉकलेटं आणतात, काकांनी हा खेळ आणला. आता रिटायर झालेत आणि दर रविवारी आमची टीम चालवतात. कोण खेळणार, कोण कुठे उभा राहणार, कोणाला ठेवायचं, कोणाला द्यायचं, सगळं तेच ठरवतात.

मी कॅचर आहे. म्हणजे पिचर चेंडू फेकतो आणि मी बॅटरच्या मागे उकिडवा बसून तो पकडतो. बोलायला लागत नाही, तोंडावर जाळी असते. मला फार आवडतं. गॅरेजमध्ये दिवसभर मान खाली असते. आई सोडली तर माझी स्वतःची म्हणता येतील अशी माणसं फक्त रविवारी भेटतात.

या उन्हाळ्यात मला त्या टीममध्ये ठेवायचं की दुसऱ्या टीमला देऊन टाकायचं, असा प्रश्न निघाला होता. त्याचं काय झालं ते शेवटी सांगतो. आधी काका काय चीज आहेत ते कळू दे.

*

अमोल पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. पहिल्याच प्रॅक्टिसला त्याने चेंडू असा हाणला की पार झाडांच्या पलीकडे! सगळे ओरडले, "पळ!"

अमोल जागचा हलला नाही. बॅट टेकवून शांत उभा.

काका म्हणाले, "अरे, पळ की!"

"कशाला काका? रन आउटची रिस्क आहे."

क्रिकेटवाला ना! वाटलं तर धावायचं, नाही तर नाही. बेसबॉलमध्ये चेंडूला बॅट लागून तो मैदानात गेला की पळावंच लागतं, हे त्याच्या डोक्यात शिरतच नव्हतं. माझं मत होतं की याला बेंचवर बसवावं. व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांचं तेच मत होतं.

काका म्हणाले, "मारणं शिकवायला वर्षं जातात. पळणं काय, कुत्रंसुद्धा शिकवतं!"

आम्हाला वाटलं, बोलायची पद्धत. पण पुढच्या रविवारी काका खरंच शेजारच्या बाईंचा लॅब्रडॉर घेऊन आले. अमोल कुत्र्याला जाम घाबरतो. त्याने चेंडू मारला, काकांनी पट्टा सोडला, आणि अमोल चार कोपऱ्यांवरच्या चारही बेसना फेरी मारून थेट पार्किंगमध्ये!

त्यानंतर कुत्र्याची गरज उरली नाही. अमोलने चेंडू मारला की आमच्यातला कोणीतरी नुसतं भुंकतो. एकदा समोरच्या टीमने तक्रार केली, तर अंपायर खेळ थांबवून बेंचखाली कुत्रा शोधत बसले.

*

सायली ईलिंगची. जन्म इथलाच. मराठी बोलते, पण काकांनाही "तू" म्हणते. "काका, तू मला कुठे उभी करणार?" बाकीच्यांना कसंतरी होतं. काका मात्र म्हणतात, "मला आईनंतर कोणी एवढ्या प्रेमाने तू म्हटलं नाही. बोलू दे तिला."

काकांनी तिला सेकंड बेसवर टाकलं. मला पटलं नव्हतं. तिचा थ्रो लांब जातो, तिला मागे आउटफील्डमध्ये ठेवायला हवं, असं माझं मत. मी कधी नव्हे ते काकांना विचारलं.

"ओंकार, ती गप्प बसते का?"

"नाही."

"मग तिला लांब एकटीला उभं करून काय फायदा?"

याचा अर्थ मला जूनमध्ये कळला. समोरच्या टीमचा एक जाडजूड माणूस पळत सेकंड बेसवर येऊन उभा राहिला; पाय बेसवर असेपर्यंत त्याला आउट करता येत नाही. सायलीने विचारलं, कुठे राहतोस? कुकमला, तो म्हणाला. घर कसं आहे? किचन वाढवतोय म्हणाला, पण परवानगी अडकलीय.

सायली म्हणाली, "अय्या, मी कौन्सिलमध्ये प्लॅनिंगलाच आहे!"

झालं! त्या माणसाला मॅचचा विसर पडला. शेजाऱ्याची भिंत कुठे, आपली खिडकी कुठे, हे तो हातवारे करून दाखवायला लागला. घराची मागची बाजू दाखवायला म्हणून दोन पावलं टाकली, आणि पाय बेसवरून सुटला. चेंडू सायलीच्या ग्लोव्हमध्येच होता! तिने तो हळूच त्याच्या पोटाला लावला.

"आउट!" अंपायर ओरडले.

तो माणूस भांडला नाही हो. जाता जाता मागे वळून म्हणाला, "बरं, पण माझ्या किचनचं काय?"

*

आता ट्रेड. ट्रेड म्हणजे आपला खेळाडू दुसऱ्या टीमला द्यायचा आणि बदल्यात त्यांचा घ्यायचा. मोठ्या लीगमध्ये चालतं ते. आमच्यासारख्या हौशी लोकांत कोणी करत नाही. काका करतात, आणि तेही स्वतःच्या पद्धतीने.

काकांच्या मते ट्रेड म्हणजे सोयरीक. फोनवर ठरवायची गोष्ट नव्हे. दोन्हीकडची माणसं घरी यायला हवीत, एकमेकांना बघायला हवीत, आणि पोहे व्हायला हवेत!

रेडिंगच्या टीमचे मॅनेजर ग्रॅहम पहिल्यांदा आले तेव्हा त्यांना वाटलं, पाच मिनिटांचं काम आहे. काकूंनी त्यांना सोफ्यावर बसवलं. आमचा प्रसाद, ज्याला द्यायचं होतं तो, ट्रे घेऊन बाहेर आला. त्यांचा कॅलम, ज्याला घ्यायचं होतं तो, लाजून खाली बघत बसला. काकूंनी कॅलमला विचारलं, "घरी कोण कोण असतं? तिखट चालतं ना?"

ग्रॅहमनी पोहे खाल्ले. पुन्हा घेतले. पुन्हा घेतले. मग काकांना म्हणाले, "श्रीराम, कॅलम तुझा. हे पिवळं काय आहे ते पुन्हा कधी मिळेल?"

काकू आजही सांगतात, "त्या दिवशी ओलं खोबरं सढळ हाताने घातलं होतं, म्हणून लेफ्ट फील्डर मिळाला."

निघताना काकूंनी प्रसादला लाडवांचा डबा दिला आणि डोळे पुसले. मुलगा जात होता रेडिंगला. गाडीने अर्धा तास!

पुढच्याच मॅचला प्रसादने आमच्याविरुद्ध असा फटका मारला की आम्ही हरलो. आमच्या बाजूच्या टाळ्या फक्त एका खुर्चीतून येत होत्या. काका बेंचवरून म्हणाले, "अगं, तो आता त्यांचा आहे."

काकू म्हणाल्या, "दिला म्हणजे काय टाकला का?"

*

मे महिन्यात आमच्या निनादला मँचेस्टरला नोकरी लागली आणि तो गेला. निनाद आमचा पिचर. पिचर नसलेली टीम म्हणजे एंजिन नसलेली गाडी, टायर कितीही चांगले असोत. काकांनी सगळ्यांना टाकायला लावून बघितलं. अमोलचा चेंडू अंपायरच्या चहात पडला.

रेडिंगकडे एलिस नावाचा एक पिचर होता. लांब हातांचा, शांत. त्यांच्याकडे आणखी एक चांगला पिचर असल्यामुळे तो बसूनच असायचा. पण रेडिंगला कॅचर नव्हता. म्हणजे हिशेब उघड होता. सगळ्यांना दिसत होता, फक्त माझ्यासमोर कोणी बोलत नव्हतं.

शेवटी अमोल बोलला. "ओम्या, प्रोफेशनली सांगतो, राग मानू नको. तू आपला बेस्ट प्लेअर आहेस. म्हणूनच तुला द्यायला हवं."

सायली भडकली. "तूच जा ना! तुझा काय भाव येईल, एक सॅंडविच?"

मी घरी येऊन खूप विचार केला. मी रोज रात्री अमेरिकेतल्या टीमचे ट्रेड वाचतो, कोणी चूक केली, कोणी बरोबर केलं ते स्वतःशी ठरवतो. मोबाइलवर आमचीच टीम आहे आणि मी लांब कुठेतरी बसलोय असं समजून बघितलं. पिचरशिवाय उरलेला सीझन जाणार. कॅचर घडवता येतो, पिचर मिळवावा लागतो. मी मॅनेजर असतो तर ट्रेड केला असता.

म्हणून मी ग्रुपवर लिहिलं, "काका, माझ्या मते हा ट्रेड करायला हवा."

मला जायचं नव्हतं. पण मत विचाराल तर ते खरं होतं.

 मग काकांचा मेसेज आला, "शनिवारी दुपारी घरी ये. आईलाही आण."

*

आई केअर होममध्ये नोकरी करते. तिने शिफ्ट बदलून घेतली आणि माझा शर्ट स्वतः इस्त्री केला. रस्त्यात एकदाच बोलली, "तिकडची माणसं बरी आहेत ना रे?"

आम्ही पोचलो तेव्हा ग्रॅहम आणि एलिस आधीच आलेले. अमोल आणि सायली जिन्यात बसून ऐकत होते, ते सगळ्यांना दिसत होतं. काकूंनी पोहे आणले. या वेळी कोणी दुसऱ्यांदा घेतले नाहीत.

आईने ग्रॅहमना विचारलं, "त्याचे गुडघे दुखतात बसून बसून. तिकडे मधे विश्रांती देता का?" मी मान खाली घातली. ग्रॅहम म्हणाले, "मॅडम, नक्की देऊ."

मग ग्रॅहमनी प्लेट खाली ठेवली. "तर मग ठरलं, श्रीराम? एलिस तुला, कॅचर मला."

"कॅचर देणार नाही," काका म्हणाले.

"तू तर म्हणालास ट्रेड करायचाय!"

"करायचाय. एलिस हवाच आहे."

"मग बदल्यात कोण?"

काकांनी रुमालाने हात पुसले, रुमालाची घडी केली, खिशात ठेवली.

"मी."

ग्रॅहमना वाटलं, चेष्टा. ते हसले. मग काकांच्या तोंडाकडे बघून हसायचे थांबले. "तू? म्हणजे मॅनेजर म्हणून? आमच्याकडे?"

"तुला दर रविवारी वैताग येतो म्हणतोस ना? तू बस, मी बघतो. कॅचरही मी घडवून देईन."

ग्रॅहमनी काकूंकडे बघितलं.

काकू म्हणाल्या, "माझ्याकडे बघू नका. मी फक्त पोहे केलेत."

जिन्यातून अमोल ओरडला, "काका, आणि आमचं कोण बघणार?"

काकांनी टीमची टोपी डोक्यावरून काढली, माझ्याकडे बघितलं आणि ती माझ्या आईच्या हातात दिली. आईला ती कुठे ठेवावी कळेना. ग्रॅहम उठले आणि त्यांनी दोन्ही हातांनी काकांचा हात धरला. एलिस बिचारा मधल्यामधे उभा राहिला, तोंडात पोहे तसेच.

मी विचारलं, "काका, असं का केलंत?"

"उद्या आमची तुमच्याशी मॅच आहे," काका म्हणाले. "वेळेवर या." दारापर्यंत पोचवायला आले, आणि मी बूट घालत असताना वाकून हळूच म्हणाले, "ओंकार, तू पिचरला बोटांनी ज्या खुणा करतोस ना, एक म्हणजे जोरात, दोन म्हणजे वळणारा, त्या मीच शिकवल्यात. सगळ्या पाठ आहेत मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी मैदानावर गेलो, एलिसला शेडच्या मागे घेतलं, आणि आमच्या सगळ्या खुणा बदलल्या.