खाली आणलेले चार दिवे

शिवदासकाका गेल्याचं मला पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर कळलं. सौसरहून आलेल्या गाडीचा कंडक्टर म्हणाला, "तुमचा तो दिवेवाला म्हातारा गेला," आणि तिकिटं फाडू लागला. त्याला आता महिना होईल. त्या सकाळचं ऊन स्टँडवरच्या संत्र्यांच्या खोक्यांवर पडलं होतं. सगळ्यांवर नाही, एकाच फळीवर... असं पाहायला मला काकांनीच शिकवलं होतं.

काका वायरमन. नागपूरच्या लग्नमांडवांत लुकलुकत्या माळा बांधून बांधून ते कंटाळले आणि सौसरला परतले ते एक गोष्ट ठरवून : दिव्यानं स्वतः मिरवू नये, समोरचं दाखवावं. आमच्या तिथल्या बुद्धविहारातल्या वाचनालयाच्या दिव्यांचं काम विहार समितीनं त्यांना दिलं. आम्हा तरुणांना आठ ट्यूबलाइट हव्या होत्या. काकांनी लांब टेबलावर चारच बल्ब सोडले, पत्र्याच्या टोपीत, बसलेल्या माणसाच्या कपाळाच्या जरा वर. बाकी खोली सावलीत.

मी पेटलो. पिढ्यान्‌पिढ्या आमच्या वस्तीच्या वाट्याला अंधार आला, आणि आता आमचाच माणूस उजेड मोजून देणार? मी सायक्लोस्टाइलवर पत्रक काढलं. मथळा, 'अंधाराचा दलाल'. पार मोहगावपर्यंत वाटलं. काकांनी ते वाचनालयात, त्याच बल्बखाली बसून, शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि चष्मा काढला.

"झकास लिहून राहिला बाबू. वाचता तर आलं ना मले?"

सगळे हसले. मी नाही. पुढे पाहत गेलो... संध्याकाळी व्होल्टेज पडलं की गावातल्या ट्यूब फडफडून विझत. आमच्या टेबलावर मात्र मॅट्रिकच्या पोरी पिवळ्या उजेडात वाचत बसलेल्या, जणू नदीकाठी. काका म्हणत, वीज वाढवणं आपल्या हाती नाही, दिवा खाली आणणं आहे. मला ते पटलं होतं. पण पत्रक मागे घेतो, एवढं त्यांना म्हणायला माझं तोंड कधी उघडलं नाही.

संध्याकाळी वाचनालयातच भरलेल्या शोकसभेत समितीच्या अध्यक्षांनी जाहीर केलं की काकांच्या स्मरणार्थ हे बल्ब काढून आठ ट्यूब बसवू. मी विरोधाला उठलो, तर मागून कोणीतरी विचारलं, "आता अंधाराचा दलाल कोण बे?" हशा पिकला. मी म्हणालो, "ते पत्रक चूक होतं. मी लिहिलं, मीच मागे घेतो. काकांसमोर म्हणायचं राहिलं."

मग टेबलावरचे चारही बल्ब लावले. मी कपाटातली पुस्तकं काढून एकेकाच्या हाती दिली, टेबलाशी बसून उघडा म्हटलं. पानं उघडली तसा त्यांच्यावर पडलेला उजेड परतून वर चढू लागला... वाकलेल्या हनुवट्यांवर, भिंतीवर, टेबलाच्या टोकाशी असलेल्या बुद्धमूर्तीच्या ओठांवर. तिच्यासाठी वेगळा दिवा नव्हताच.

ट्यूबचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. अध्यक्षांनी पान उलटलं, आणि मूर्तीच्या चेहऱ्यावरून एक सावली हलकेच सरकून गेली.