फ्लेक्सवरचा अकरावा फोटो

शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळात फ्लेक्सशिवाय कोणाचंही स्वागत होत नाही. साहेबांचा वाढदिवस, काशीला जाऊन आलेलं जोडपं, एकदा तर दुरुस्त होऊन परत आलेली बोअरची मोटर. त्यामुळे एका जपानी ॲनिमे मालिकेचा नवा सीझन चार वर्षांनी येतोय म्हटल्यावर पोरांनी चौकात फ्लेक्स लावायचं ठरवलं, यात मला काही विशेष वाटलं नाही. मोटरीपेक्षा तलवार चालवणारा नायक बरा. त्याला हातपाय तरी असतात.

यादी माझ्याकडे आली. बोळातल्या सगळ्या याद्या माझ्याकडेच येतात. नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार, गणपतीत आरतीचा मान कोणत्या घराचा, फ्लेक्सवर कोणाचा फोटो कोणाच्या शेजारी नको. माझ्या हातून गेलेल्या एकाही फ्लेक्सवरून आजवर मारामारी झालेली नाही. हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

पोरांच्या यादीत अकरा नावं होती. दहा पोरं आणि माझी मुलगी.

खरं तर ही मालिका बोळात आणली मुलीनेच. ती तेव्हा दहावीत होती. आमचा टीव्ही मोठा, वायफाय चांगलं, म्हणून पोरं रविवारी आमच्या हॉलमध्ये जमायची. बोलणं जपानी, खाली पळणाऱ्या इंग्रजी ओळी. पोरांची एक ओळ वाचून होईपर्यंत तीन जण मेलेले असायचे. मग मुलगी त्या ओळी वाचून आपल्या मराठीत सांगायला लागली. तिच्या तोंडून जपानचे योद्धे "लई झालं आता, ये की पुढं" असं बोलायचे. कोण कोणाचा भाऊ, कोण फितूर, कोण मेल्यासारखा दिसतो पण मेलेला नाही, हे दहाही पोरांना तिच्यामुळे कळायचं. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. मलाही बरंच कळायचं, पण ते मी कधी कबूल केलं नाही.

तिचा फोटो मी काढून टाकला.

कारणं माझ्याकडे तयार होती, क्रमाने लावलेली. फ्लेक्स चौकात लागणार. चौकात रिक्षावाले उभे असतात. एकोणीस वर्षांची मुलगी. उद्या बघायला येणाऱ्या पाहुण्यांनी ती आधी फ्लेक्सवरच बघितली तर? शिवाय आमच्या बोळात मुलींचे फोटो लागत नाहीत. गेल्या वर्षी शेजारची मुलगी नर्सिंगला पहिली आली, तेव्हा अभिनंदन तिचं होतं आणि फोटो वडिलांचा. तिलाही ते चाललं असावं. तिला कोणी विचारलं नव्हतं.

पोरांना मी सांगितलं, तीच नको म्हणाली. पोरांनी मान डोलावली. मी यादी नव्याने लिहिली, दहा नावांची. वर 'मार्गदर्शक' म्हणून माझ्या नवऱ्याचा फोटो राहू दिला. तो या मालिकेला कार्टून म्हणतो आणि सुरू झाली की पेपर उघडतो. पण वायफायचं कनेक्शन त्याच्या नावावर आहे.

प्रूफ बघायला मी स्वतः फ्लेक्सच्या दुकानात गेले. वर उजव्या कोपऱ्यात साहेब, हात जोडलेले. साहेबांशिवाय फ्लेक्स लावला तर तो दुसऱ्या दिवशी कोणीतरी काढून नेतो. मधोमध नायक, खाली गॉगल घातलेली दहा पोरं, निम्म्यांच्या कानाला मोबाईल. सगळं ठीक होतं, फक्त नायकाचं तोंड डावीकडे होतं.

"साहेबांकडं पाठ होतेय," मी म्हटलं.

दुकानदाराने जीभ चावली. असली चूक त्याला परवडणारी नव्हती. त्याने एक बटण दाबलं, नायक आरशातल्यासारखा गर्रकन उलटा फिरला आणि आदराने साहेबांकडे बघू लागला. मी सही केली.

गुरुवारी फ्लेक्स लागला. 'पुनरागमनाबद्दल हार्दिक स्वागत.' नवऱ्याने त्याचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. मुलगी कॉलेजमधून येताना चौकात थांबली होती. ती घरी आली, हातपाय धुतले, जेवायला बसली.

"प्रूफ कोणी बघितलं?" तिने विचारलं.

"मी."

"सगळं बरोबर हाय?"

"सगळं."

तिने आणखी अर्धी भाकरी घेतली आणि तो विषय तिथेच संपला, असं मी धरून चालले.

रविवारी संध्याकाळी पहिला भाग होता. शेंगाचटणी लावलेला ब्रेड मी अकरा जणांच्या हिशेबाने केला होता. पोरं आली. मुलगी पुस्तक घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. ताई कुठाय म्हणून पोरांनी विचारलं तेव्हा, तिला अभ्यास आहे, असं मी सांगितलं. एका आठवड्यात एकाच माणसाच्या नावाने दोन खोटी विधानं. एरवी एवढी चूक मी खपवून घेत नाही.

मालिका सुरू झाली. इंग्रजी ओळी पळायला लागल्या आणि 'स्वागतोत्सुक' मंडळी त्यांच्यामागे धापा टाकत धावली. हा म्हातारा कोण, मागच्या वेळी मेला होता तो हाच का, यावर दोन गट पडले. तेवढ्यात पडद्यावर एक जण आला. उजवा कान अर्धा तुटलेला. त्याने शांतपणे एका घराला आग लावली.

 मग एक जण हळूच म्हणाला, "हा तर आपल्या फ्लेक्सवरचा हाय."

नायकाचा डावा कान तुटलेला आहे. उजवा कान तुटलेला असतो तो त्याचा जुळा भाऊ, ज्याने पहिल्याच सीझनमध्ये सगळं गाव जाळलं होतं. चेहरा एक, केस एक, फरक एवढ्या एका कानाचा. मी साहेबांचा मान राखायला नायकाला फिरवलं, आणि चौकात चार दिवस त्या गाव जाळणाऱ्याचं हार्दिक स्वागत चाललं होतं. पण आता पोरांचीच खात्री होईना. जाळणारा डाव्या कानाचा की उजव्या? टीव्ही थांबवून सगळी मंडळी आतल्या दाराशी गेली. ताई, आपण स्वागत कुणाचं केलंय, असं एकाने विचारलं.

दार उघडलं. "फ्लेक्सवर फोटो हायत त्यांना विचारा की," ती म्हणाली. "दहा जण हायत. वर मार्गदर्शकपण हायत."

मार्गदर्शकांनी पेपर आणखी वर धरला.

"पण ताई, तूच नको म्हणालीस ना?" त्यातला सगळ्यात थोराड पोरगा म्हणाला. "काकूंनी सांगितलं."

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. ब्रेडचं ताट माझ्या हातात होतं.

ती काही म्हणाली नव्हती, तिचं नाव मीच काढून टाकलं आणि नायकाचं तोंडही मीच फिरवलं, असं मी सांगितलं. मुलीने का म्हणून विचारलं. माझी क्रमाने लावलेली कारणं मी एकेक करून बघितली. त्यातलं एकही मोठ्याने म्हणण्यासारखं निघेना. रिक्षावाल्यांचं म्हणायला गेले, तर समोर उभ्या असलेल्यांपैकी दोघांचे वडील रिक्षा चालवतात.

"मला वाटलं ह्या पोरांनीच काढलं," ती म्हणाली. "ते बरं होतं."

एवढं बोलून ती बाहेर आली, पोरांच्या मधोमध माझ्याकडे पाठ करून बसली आणि भाग पहिल्यापासून लावायला सांगितला. मग ती सांगू लागली. मी ताट खाली ठेवलं आणि स्वयंपाकघरात न जाता दारातच उभी राहिले.

सोमवारी मी नव्या फ्लेक्सचं प्रूफ करून घेतलं आणि सही न करता घरी आणून तिच्यापुढे ठेवलं. जुना फ्लेक्स उतरवून गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून घातला होता. जुळा भाऊ आता तिथे ऊन खात पडलाय.

तिने लाल पेनाने सहा दुरुस्त्या केल्या. स्वतःचं नाव पोरांच्या रांगेतच घातलं, अक्षरक्रमाने, गॉगल घातलेल्या फोटोसकट. वडिलांचा फोटो काढला नाही. त्याच्यावरचं 'मार्गदर्शक' खोडून 'वायफाय सौजन्य' लिहिलं. नायकाचं तोंड पुन्हा डावीकडे केलं.

साहेबांकडे पाठ होतेय, हे मला सांगावंच लागलं.

"मग साहेबांना डावीकडं ने की," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत हे मला एकदाही सुचलं नव्हतं.

साहेब डावीकडे गेले आणि त्यांना काही झालं नाही. फ्लेक्स लागला, रिक्षावाल्यांनी तो बघितला आणि आपापलं गिऱ्हाईक घेऊन निघून गेले. सगळ्यात खाली थोडी जागा उरली होती. तिथे बारीक अक्षरात 'यादी' म्हणून माझं नाव टाकू का, असं दुकानदाराने छापण्याआधी फोनवर विचारलं होतं. मुलीला विचारून सांगते, असं मी म्हटलं. विचारलं नाही. ती जागा अजून कोरी आहे.