दमणीची मागची फळी

गाडीवान धाकूने नौपाड्यातल्या माझ्या अंगणात दमणी आणून उभी केली, तेव्हा मी सत्यनारायणाची पूजा आटोपून नुकताच ओटीवर आलो होतो. बैल घामाने निथळत होते. "रावसाब, बापू गेलं... सकालीच गेलं," एवढेच तो म्हणाला आणि जुवावर डोके टेकून रडू लागला. माझी नजर सवयीने दमणीच्या मागच्या फळीकडे गेली. ती रिकामी होती. या गोष्टीला महिना उलटला, पण अजून अंगणात चाक वाजले की मी आधी तिकडेच पाहतो.

बापू माझा ठाण्याच्या शाळेतला सोबती. बोलण्यात कुणाला हार न जाणारा. मास्तरकी करत असताना एका पाद्रीबाबाच्या घरी त्याने चहा-बिस्कीट घेतले आणि जातीने त्याला पंगतीतून उठवले. प्रायश्चित्त घे म्हटले तर हसून म्हणे, "बिस्किटाला पंचगव्य, मग आगगाडीत बसलो त्याला काय, काशीयात्रा?" हसता हसता मास्तरकी गेली, घरी त्याचे पान पडवीत मांडले जाऊ लागले. त्याच सुमारास मी आबकारी खात्यात लागलो. कल्याणपासून मोहन्यापर्यंत मोहाच्या भट्ट्या फिरून दारू तपासायची, दमणीतच राहायचे, आंब्याखाली बैल सोडून तिथेच भात शिजवायचा. खात्याने दिलेल्या काचेच्या नळीने दारूचा जोर कळे, पण भट्टीवाल्याने त्यात काय मिसळले आहे ते जिभेलाच कळायचे, आणि मी तर थेंबही ओठाला लावणार नव्हतो. एकदा मी थट्टेने म्हणालो, "बापू, तू बाटलेलाच आहेस, तूच चाख ना." तोही थट्टेनेच म्हणाला, "वा रे वा, पाप माझं आणि पगार तुझा!" आणि दमणीवर चढला. मागच्या फळीवर, पाय बाहेर सोडून. आत माझा पाण्याचा तांब्या असे, त्याला त्याचा स्पर्श नको म्हणून. तिथे बस असे मी सांगितले नव्हते. आत ये असेही कधी म्हणालो नाही.

पहिली वर्षे मजेत गेली. नारळाच्या करवंटीतला घोट बापू तोंडात घोळवी, डोळे मिटी, थुंकून टाकी आणि मिठाचा खडा जिभेवर ठेवी. "काय शेठ, मिरची स्वस्त झाली वाटतं?" असे त्याने विचारले की भट्टीवाला कपाळावर हात मारी. "बापू, देवानं तुम्हाला जीभ दिली ती आमच्या मुळावर!" सगळे हसत, मी नोंद करी, आणि वरचे साहेब माझी पाठ थोपटीत. अशाने मला बढतीही मिळाली.

मग एका दौऱ्यात, उल्हासच्या काठी बैलांना पाणी दाखवत असताना, तो खालच्या आवाजात म्हणाला, "आई थकलीय रे. मी घेतो प्रायश्चित्त. शास्त्रीबुवा तुझं ऐकतात, तू शब्द टाक. एकदा तिच्या शेजारी पान मांडून जेवायचंय." मी म्हणालो, "हा दौरा होऊ दे, बोलतो." बोललो नाही. वेळ मिळाला नाही असे मी स्वतःला सांगत राहिलो. खरे ते आज लिहितो. शुद्ध झालेला बापू दारू कशी चाखणार होता? मला चाखणारा हवा होता. दौऱ्यामागून दौरे झाले, तो दर वेळी माझ्या तोंडाकडे पाही, आणि त्याची आई पडवीतल्या पानाकडे पाहत पाहत गेली.

त्यानंतरच्या पहिल्याच भट्टीवर बापूने घोट घेतला, डोळे मिटले, आणि मी तो थुंकण्याची वाट पाहत उभा राहिलो. त्याने गिळला. "चांगली आहे. लिही," म्हणाला. मी लिहिले... पुढे तो कधीच थुंकला नाही, आणि मीही कधी अडवले नाही.

शेवटी मोहन्याच्या धर्मशाळेत तो पडला होता. पोट फुगलेले, डोळे हळदीसारखे. पाणी मागितले. मी तांब्या घेऊन जवळ गेलो आणि माझा हात अधांतरी थांबला. तो त्याला दिसला. "वरून ओत," तोच म्हणाला, "ओठ नाही लावत मी." मी वरून ओतले. अर्धे पाणी त्याच्या गळ्यावरून उशीत गेले. कोण पाहत होते तिथे? धाकू आणि बैल! दुसऱ्या दिवशी घरी सत्यनारायण होता, म्हणून धाकूला त्याच्यापाशी ठेवून मी आगगाडीने परतलो.

आता दौऱ्यावर मी दारूत नळी बुडवतो, तेवढेच. बसतो मागच्या फळीवर. ती त्याच्या बसण्याने एका बाजूला गुळगुळीत झाली आहे, ती जागा मी मोकळी सोडतो. "रावसाब, आत बसा, उन्हाचं कशाला?" धाकू म्हणतो. परवा मोहन्याच्या वाटेवर मी तांब्या बाहेर घेतला, ओठ लावून प्यालो, आणि उरलेल्या पाण्यासकट तो त्या मोकळ्या जागेवर ठेवून म्हणालो, "घे, बापू."

हात मुळीच थांबला नाही. तिथे कुणी नव्हते ना.